चिंचमळ्याची गुळवी

मनकर्णाच्या नवऱ्याचं नावच कारभारी होतं, तिथूनच सगळा घोळ. आमच्या नगर जिल्ह्यात बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'आमचे कारभारी' म्हणतात आणि मोकळ्या होतात. हिला तीही सोय नव्हती. शेजारणी बिनघोर बोलायच्या, आमच्या कारभाऱ्याला ताप आलाय, आमचे कारभारी बाजारला गेलेत, आणि ही आपली 'गोरक्षाचे वडील, गोरक्षाचे वडील' करत बसायची. सोसायटीच्या कारभाराविषयी बोलायचं झालं तरी 'ते, ह्यांच्या नावाचं काम' म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाईच्या डोक्यात काहीतरी कमी आहे. तसं काही नव्हतं. चिंचमळ्याच्या वस्तीवर सगळ्यांत शाबूत डोकं तिचंच होतं, हे मी पुढं सांगतोच.

मी भिमाजी, प्रसिद्धी खात्याच्या गाडीवर ऑपरेटर. गाडीत प्रोजेक्टर, जनरेटर, गुंडाळलेला पडदा आणि पत्र्याच्या डब्यांत रिळं. गावात जायचं, शाळेच्या भिंतीला पडदा बांधायचा आणि खताचा खड्डा कसा खणावा हे लोकांना दाखवायचं. ज्यांच्या सात पिढ्या खड्डे खणत आल्या, त्यांना. त्या फिल्मांचा मला मनस्वी कंटाळा होता. त्यात शेतकरी म्हणून जो उभा केलेला असायचा, त्याच्या धोतराला इस्त्री असायची. लोक समोर बसून हसायचे आणि अहवालात आमचे साहेब लिहायचे, 'ग्रामीण जनतेचा उत्स्फूर्त प्रतिसाद'.

एकाहत्तर सालच्या माघात पुण्याहून दातार नावाचे दिग्दर्शक आले. शेतकऱ्यांवर आणि घरच्या घरी खायचे जिन्नस करून विकणाऱ्यांवर त्यांना लहान लहान माहितीपट काढायचे होते. कुठं करडईचं तेल, कुठं बाजरीच्या खारवड्या, कुठं गूळ. जिल्ह्यातला रस्ता न् रस्ता मला ठाऊक, म्हणून गाडीसकट मला त्यांच्या हवाली केलं. दातार मला बरे वाटले, कारण पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "इस्त्रीचं धोतर दिसलं तर मला आधीच सांगा." गुळासाठी कुठं जायचं असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी राहुरीजवळचा चिंचमळा सांगितला. का, तर राहुरीच्या बाजारात 'कारभाऱ्याचा गूळ' म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या ढेपेकडं बघायचं नाही. मी स्वतः तो भाकरीशी खाल्लेला होता. गाढवाला गुळाची चव काय, असं माझी बायको मला म्हणते, पण तेवढी चव मलाही कळत होती.

आता तो गूळ कारभाऱ्याचा नव्हता, हे चिंचमळ्यात सगळ्यांना माहीत होतं. गुऱ्हाळ तिथले बडे बागायतदार आप्पासाहेब यांच्या मळ्यात. चरक त्यांचा, रस आटवायची काहील त्यांची, विहीर त्यांची. आजूबाजूचे लहान शेतकरी आपापला ऊस पाळीपाळीनं तिथं आणायचे. आणि काहिलीवर मनकर्णा. तिचा बाप श्रीगोंद्याकडचा नावाजलेला गुळव्या, गूळ शिजवणारा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून पोरगी काहिलीखालच्या चुलवाणापाशी वाढली. रस कधी उसळतो, मळी कधी काढायची, रस निवळायला भेंडीचं पाणी कधी मारायचं, आणि मुख्य म्हणजे काहील कधी उतरवायची, हे तिनं बापाशेजारी बसून उचललेलं. जरा आधी उतरवली तर ढेप बसत नाही, जरा उशीर झाला तर गूळ करपतो. लग्न होऊन ती म्हसे आडनावाच्या घरात आली. नवरा बैलांचा माणूस. चरक त्याच्याइतका चांगला कुणी चालवत नसे, पण काहिलीतलं त्याला ओ की ठो कळायचं नाही, आणि कळतं असा आवही त्यानं कधी आणला नाही.

पण गुळव्या म्हणून नाव त्याचं. बाईनं काहिलीवर चार गड्यांना हुकूम सोडायचा, हे कुणाच्या पचनी पडणार? म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. मनकर्णा पदर डोक्यावर घेऊन काहिलीकडं बघत उभी राहायची आणि जाळाला पिळलेल्या उसाचं जळण हवं झालं की हलक्या आवाजात नवऱ्याला सांगायची, "चिपाडं घालाय सांगा." मग कारभारी मोठ्यानं ओरडायचा, "चिपाडं घाला रं!" ती म्हणायची, "जाळ वढा." तो ओरडायचा, "जाळ वढा!" झाकली मूठ सव्वा लाखाची. गावाच्या कानावर पडायचा तो कारभाऱ्याचा आवाज, आणि ढेपेला चिकटायचं ते कारभाऱ्याचं नाव. अशी बारा-पंधरा वर्षं गेली.

फिल्मवाले येणार म्हटल्यावर मात्र आप्पासाहेबांना घोर लागला. आप्पासाहेब तसे वाईट नव्हते, पण चारचौघांत कसं दिसतं यावर त्यांचं फार लक्ष. कारभारी कॅमेऱ्यापुढं उभा केला असता तर पहिल्याच प्रश्नाला उताणा पडला असता, आणि बाई उभी करायची म्हणजे, त्यांच्याच शब्दांत, "मानसं म्हनतील, आप्पासायबाला बाप्या गुळव्या मिळंना." म्हणून त्यांनी कोल्हापूरकडचा एक गुळव्या बोलावून घेतला. फिल्मपुरता नव्हे. फिल्ममध्ये तोच दिसणार, म्हणजे पुढच्या हंगामालाही तोच लागणार, असं त्यांनी कारभाऱ्याला सांगून टाकलं. मनकर्णानं मग करायचं काय? उसाच्या मोळ्या बांधायच्या.

हे मला तिनंच सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा सकाळ होती, गाडीत पाणी घालायला मी विहिरीवर गेलो होतो. "तुमी फिलिमवालं का?" म्हणाली. मी म्हटलं, मी नुसता गाडीवाला. "मंग तुमास्नी सांगाय हरकत न्हाई. ह्या काईलीवरनं मला आज उतरवनार हायती. बापाचं माज्याकडं येवढंच हाय बगा, दागिना न्हाई, जमीन न्हाई. हेच हाय." रडत नव्हती. चिडली होती, आणि चिडली होती म्हणूनच मला ती आवडली.

कोल्हापूरच्या पाहुण्याची एस.टी. वाटेत रखडली होती. ऊस गाळून रस भरलेला, तो किती वेळ तसा ठेवणार? आप्पासाहेब नाइलाजानं म्हणाले, पेटवा. मनकर्णानं चुलवाण पेटवलं. रस तापला, मळी वर आली, तिनं काढली. भेंडीचं पाणी मारलं. आणि रस पिवळा होऊन बुडबुडे जड पडायला लागले, तेव्हा पाहुणा आला. त्याच सुमाराला दातारांचा कॅमेरा तिकाटण्यावर चढला, आणि शेजारी आवाज धरायचं टेपचं यंत्र.

दातारांनी जमलेल्या लोकांना सरळ विचारलं, "इथं गूळ कोण करतं?"

लोकांनी पाठ केलेलं उत्तर दिलं, "कारभारी."

दातार पुण्याचे. त्यांना वाटलं, कारभारी म्हणजे गुऱ्हाळाचा कारभार बघणारा, मुनीम किंवा मुकादम. ते म्हणाले, "कारभारी असतीलच हो. मी विचारतोय काहिलीवर कोण असतं." कारभाऱ्याला पुढं ढकललं. त्यानं एकदा आप्पासाहेबांकडं बघितलं, एकदा बैलांकडं बघितलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसायलाही आता जागा नव्हती. "कारभारी म्या," तो म्हणाला. "काईलीवर कारभारीन."

आमच्याकडं पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, मास्तरीण म्हणजे मास्तरची बायको, तशी कारभारीण म्हणजे कारभाऱ्याची बायको. गावानं तेवढंच ऐकलं. दातारांनी ऐकलं ते निराळंच. त्यांना वाटलं, या गुऱ्हाळाचा सगळा कारभार एका बाईच्या हातात आहे आणि तिला लोक मानानं कारभारीण म्हणतात. त्यांचा चेहराच उजळला. "वा, मग कारभारीण बाईंना पुढं बोलवा. तुम्ही सगळे बाजूला व्हा."

आप्पासाहेब मध्ये पडले. "आवं सायेब, तसं न्हाई. कारभारीन म्हंजी ह्येची बायकू."

"असू दे की," दातार म्हणाले. "बायको असून कारभार बघते, ते तर अधिकच चांगलं."

मला हसू आवरेना. समजावून सांगावं तितका गुंता वाढत होता. शेवटी आप्पासाहेबांनी कोल्हापूरच्या पाहुण्याचा दंड धरला आणि त्याला काहिलीपाशी नेलं. "हे आमचं गुळव्ये. ह्यांचंच काडा." पाहुणा उंच, पांढऱ्या मिशांचा, भारदस्त गडी. त्यानं काहिलीत डोकावून बघितलं, मग विचारलं, "चुलवाण कुणी पेटवलंय?"

मनकर्णा म्हणाली, "म्या."

"मग ही काईल तुमची," तो म्हणाला. "दुसऱ्यानं पेटवलेली काईल आमी उतरवत नसतोय. जो पेटवंल त्यानं उतरवायची. माझ्या वस्तादानं शिकवलंय, मी मोडनार न्हाई." आणि डोक्याचा पटका सारखा करून तो बाजूला बाजेवर जाऊन बसला. आप्पासाहेबांनी त्याला फिल्मचं समजावलं, पुण्याचं समजावलं, तो जागचा हलला नाही. कामाच्या रीतीपुढं त्याला पुणं काय आणि मुंबई काय. त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं.

इकडं काहील थांबणार नव्हती. मनकर्णानं झाऱ्याच्या टोकानं थेंबभर पाक गार पाण्यात सोडला, बोटांत धरून बघितला. सवयीनं ती नवऱ्याकडं वळली, पण नवरा कॅमेऱ्यामागच्या गर्दीत ढकलला गेलेला. तिनं इकडं तिकडं बघितलं. मग ओरडली.

"उतरवा!"

चौघं गडी नुसते बघत राहिले. त्या आवाजात त्यांनी हुकूम कधी ऐकलेलाच नव्हता. "उतरवा म्हनलं न्हवं!" तेव्हा कुठं त्यांचे हात दांड्यांना लागले. काहील उचलली, गूळ निवायच्या वाफ्यात ओतली, सोनेरी गूळ पसरला आणि त्याचा वास चिंचमळाभर सुटला. कॅमेरा फिरत होता. दातारांच्या कपाळावर घाम होता आणि तो त्यांना पुसायचंही भान नव्हतं.

मग आली नावाची भानगड. दातारांनी टेपचं यंत्र तिच्यापुढं धरलं. "कारभारीणबाई, पूर्ण नाव सांगा. आधी तुमचं, मग मिस्टरांचं, मग आडनाव."

"मनकर्ना," ती म्हणाली, आणि गप्प झाली.

"पुढं?"

पुढं काय, पुढं तर कारभारी. बाया पदर तोंडाला लावून खुसखुसायला लागल्या. दातारांना वाटलं, बाई बुजली. ते म्हणाले, "लाजू नका, जे असेल ते सांगा." एक म्हातारी ओरडली, "आगं उखान्यात घे की!" हे बरोबर होतं. उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायला कुणाची मनाई नसते, लग्नात काय नि हळदीकुंकवात काय, सगळ्याच घेतात. मनकर्णानं डोळे मिटले. चुलवाणाच्या धगीनं चेहरा लाल झालेला, हातावर मळीचे डाग. आणि ठणठणीत आवाजात म्हणाली,

"उसाला आलं कांडं, कांड्याला फुटलं मूळ,
कारभाऱ्यांचं नाव घेती, म्या केलाय गूळ."

पहिल्यांदा बाया हसल्या, नाव घेतलं म्हणून. मग शेवटचे तीन शब्द त्यांच्या ध्यानात आले आणि हसू थांबलं. बारा-पंधरा वर्षं जे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, ते बाईनं नवऱ्याचं नाव घेता घेता यंत्रात भरून टाकलं होतं. आप्पासाहेबांचा चेहरा पडला. कारभाऱ्याकडं मी बघितलं, तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून खाली मान घालून हसत होता.

जाताना आप्पासाहेबांनी दातारांना गाठलं. उखाणा तेवढा काढून टाका, गावाचं हसं होईल. दातार नुसतं "बघू" म्हणाले. पुढं आप्पासाहेब नगरला आमच्या कचेरीतही येऊन गेले, साहेबांच्या खोलीत चहा झाला, आणि काय ठरलं ते आम्हा खालच्या लोकांना कळलं नाही. कोल्हापूरच्या पाहुण्याला मात्र दिवाळीनंतर या, असा निरोप गेल्याचं कळलं.

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मी जेव्हा जेव्हा राहुरीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा मनकर्णा कुठून तरी बांधावर उभी राहायची. "भिमाजीभाऊ, आली का फिलिम?" नाही म्हटलं की विचारायची, "उखाना ठिवत्याल का वो?" मी सांगायचो, ठेवतील की, न ठेवायला काय झालं. खरं म्हणजे मला धाकधूक होती. कात्री चालवायला किती वेळ लागतो? ती म्हणायची, "यकदा पडद्यावर दिसलं म्हंजी कुनाला न्हाई म्हनता यायचं न्हाई. आन् काडून टाकलं तर म्या न्हवतेच तितं, आसं हुईल." मी गाडी चालू करायचो.

दसरा झाल्यावर डबा आला. वर पाटी, गावोगावचा घास की असंच काहीतरी. मी तो उघडून बघितला नाही. भीती वाटली, सरळ सांगतो. कचेरीतल्या लोकांनी म्हटलं, आधी पारनेरला दाखव, मग शेवगावला. मी म्हटलं, पहिल्यांदा चिंचमळ्यात दाखवणार, माझी बदली करायची तर करा. दिवेलागणीला शाळेच्या भिंतीवर पडदा बांधला. पंचक्रोशीतून माणसं बैलगाड्या जुंपून आलेली. आप्पासाहेब पुढं खुर्चीवर, डोक्याला गुलाबी फेटा. मनकर्णा बायांत, अगदी मागं, भिंतीला टेकून.

आधी करडईचं तेल झालं, मग खारवड्या. मग पडद्यावर चिंचमळ्याची पांढरी वाट आली आणि लोकांनी एकच गलका केला. आप्पासाहेबांचा फेटा दिसला, क्षणभर, आणि गेला. चरक फिरला, कारभाऱ्याचे बैल दिसले, कुणीतरी बैलांची नावं घेऊन हाका मारल्या. मग चुलवाणाचा जाळ. मग काहिलीवर वाकलेली मनकर्णा, पडद्यावर केवढी तरी मोठी, आणि निवेदकाचा पुणेरी आवाज: "या गुऱ्हाळाच्या कारभारीण, मनकर्णा म्हसे." पडद्यावरची मनकर्णा ओरडली, "उतरवा!" आणि माझ्या पुढ्यातला एक म्हातारा दचकून उठूनच उभा राहिला. त्या दिवशी दांड्याला त्याचाही हात होता.

मी रिळाकडं बघत होतो. आता चेहरा येणार किंवा एकदम दुसरंच काही येणार. चेहरा आला. लाल झालेला, डोळे मिटलेला. आणि उखाणा सबंध, एक शब्द न गाळता, पत्र्याच्या कर्ण्यातून साऱ्या शिवारभर गेला. म्या केलाय गूळ.

बायांनी जो कल्ला केला तो मी कुठल्याही फिल्मला ऐकलेला नाही. मनकर्णाला त्यांनी उचलूनच पुढं आणलं. एक जण म्हणाली, हिला गुळवीण म्हणायचं. दुसरी म्हणाली, गुळवीण म्हणजे गुळव्याची बायको, ही कुणाची बायको म्हणून गूळ करती का? मग कुणाच्या तोंडून आलं ते माहीत नाही, पण आलं, गुळवी. असा शब्द आमच्याकडं नव्हता, त्या रात्री तो तयार झाला. "पुन्यांदा लावा," लोक ओरडले. मी रीळ गुंडाळून पुन्हा लावलं, आणि पुन्हा एकदा लावलं. नियमात बसत नव्हतं, बसलं नाही तर नाही. मला त्या बाईचा अभिमान वाटत होता, आणि डोळ्यांत पाणी होतं ते जनरेटरच्या धुराचं नव्हतं.

पाळीवर ऊस आणणारे शेतकरी तिथंच आप्पासाहेबांभोवती जमले. म्हणाले, आता साऱ्या जिल्ह्यात ही फिल्म फिरणार, काहिलीवर दुसराच माणूस दिसला तर आपल्या गुळाकडं कोण बघणार? आप्पासाहेब व्यवहारी. वारा कुठला आहे ते त्यांना लगेच कळलं. फेटा सावरून म्हणाले, "आरं, तिला म्याच तर पुढं केली." कुणी हसलं नाही, निदान त्यांच्या तोंडावर तरी. कोल्हापूरच्या पाहुण्याला शेजारच्या गावचं गुऱ्हाळ मिळालं, तोही नाराज झाला नाही.

दिवाळीनंतर हंगामाची पहिली काहील चढली, तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गेलो. चुलवाणाची पूजा झाली. नारळ दरवर्षी कारभारी फोडायचा, या खेपेला त्यानं तो बायकोच्या हातात दिला आणि बैलांकडं निघून गेला. मनकर्णानं नारळ फोडला, पदर खोचला, रस उसळायला लागला तशी काहिलीवरची नजर न काढता खणखणीत आवाजात म्हणाली, "चिपाडं घाला."

गडी अजून प्रसादाचं खोबरं खात होते. चुलवाणाच्या तोंडाशी त्या घडीला एकटे आप्पासाहेबच उभे होते, नवा कोट घालून. मनकर्णानं वळून बघितलं नाही, ती पुन्हा म्हणाली, "चिपाडं घाला म्हनलं न्हवं!" आप्पासाहेबांनी इकडं तिकडं बघितलं, काठी भिंतीला टेकवली, कोटाच्या बाह्या मागं सारल्या आणि वाकून कवळाभर चिपाडं जाळात घातली.